काळ्या पाषाणाचा लघुग्रह

अकोल्याहून वाशीमकडे जाताना वाटेत मेडशी हे गाव लागते. त्या परिसरात विहीर खणू लागले, की मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली कठीण काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेला लाव्हारस थिजून हा पाषाण झाला. त्यास बेसॉल्ट म्हणतात.

असाच पाषाण आकाशातील एका लघुग्रहावरही आहे. मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांपैकी वेस्टा हा लघुग्रह जर्मन ज्योतिर्विद ओल्बर्स याने २९ मार्च १८०७ रोजी शोधून काढला. त्याचा व्यास सरासरी ५२५ किलोमीटर असून सूर्यापासून तो सरासरी ३५ कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्यप्रदक्षिणेस त्याला सुमारे तीन वर्षे साडेसात महिने लागतात; स्वतःभोवती मात्र तो सुमारे ५ तास २० मिनिटांतच फिरतो.

इतक्या दूरचा पाषाण ओळखला कसा? १९७० साली शास्त्रज्ञांनी वेस्टावरून येणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण केले. तो प्रकाश बेसॉल्टसारख्या उल्कापाषाणांच्या प्रकाशाशी जुळला. पुढे २०११ साली ‘डॉन’ हे यान वेस्टाभोवती फिरू लागले. तेव्हा त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे आघातविवर स्पष्ट दिसले. अशा आघातांनी उडालेले तुकडे कधी कधी पृथ्वीवर येतात. १९९६ साली राजस्थानात पिपलिया कलान येथे पडलेली उल्का याच जातीची आहे.

वाटीतले वरण लवकर निवते, पातेल्यातले उशिरा. वेस्टा लहान, म्हणून त्याच्या पोटातील आग फार पूर्वीच विझली. पृथ्वी मोठी, तिची आग अजून जिवंत आहे.

मेडशीच्या नैर्ऋत्येस, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर बेसॉल्टमध्येच असल्यामुळे अनेकांना ते ज्वालामुखीचे मुख वाटे. परंतु तेथील पाषाणात प्रचंड दाबाने काचेसारखी झालेली खनिजे सापडली. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर आकाशातून आलेल्या आघाताने झाल्याचे दाखवून दिले.

पाषाण मुका असतो खरा. पण त्याला योग्य प्रश्न विचारणारा भेटला, की तो आपला जन्मही सांगतो आणि आपल्यावर झालेला घावही.