छपाईसाठी फाइलचे रूपांतर

आज बहुतेक पुस्तके छापखान्यात पोहोचतात ती जुळवलेल्या खिळ्यांच्या रूपाने नव्हे, तर संगणकाच्या फाइलच्या रूपाने. परंतु मांडणीकाराने जी आज्ञावली वापरली, तीच मुद्रकापाशी असेल असे नाही. एकाचे काम कोरलड्रॉमध्ये झालेले असते, तर दुसऱ्याकडे इनडिझाइन असते. किंवा आज्ञावली एकच असूनही मुद्रकाची आवृत्ती जुनी असते आणि तीत नवी फाइल उघडत नाही. अशा वेळी फाइलचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करावे लागते. भाषांतराप्रमाणेच येथेही काही टिकते व काही हरवते. आणि काय हरवले, हे पुष्कळदा हजारो प्रती छापून झाल्यावरच ध्यानात येते. म्हणून या क्रियेचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, चित्राच्या फाइली मूलतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात चित्र म्हणजे लहान लहान चौकटींचे, अर्थात पिक्सेलांचे, जाळे असते. छायाचित्रे या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात रेषा व वक्र यांची गणिती वर्णने साठवलेली असतात; बोधचिन्हे आणि अक्षरे सामान्यतः या प्रकारची असतात. दुसऱ्या प्रकारचे चित्र कितीही मोठे केले तरी त्याची कड स्वच्छ राहते. पहिल्याचे तसे नाही. १२०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ४ इंच रुंद छापले, तर दर इंचास ३०० पिक्सेल मिळतात व ते चांगल्या छपाईस पुरेसे होतात. तेच १२ इंच ताणले, तर दर इंचास १०० पिक्सेलच उरतात आणि चित्र अस्पष्ट दिसते. फाइलचे स्वरूप बदलून ही उणीव भरून निघत नाही. उलट, बोधचिन्ह जेपीईजी स्वरूपात नेले की त्यातील रेषांचे वर्णन नष्ट होऊन केवळ पिक्सेल उरतात.

निरनिराळ्या यंत्रांना समजेल अशी पृष्ठवर्णनाची एक सामाईक भाषा ॲडोबी या संस्थेने १९८४ साली पुढे आणली. तिचे नाव पोस्टस्क्रिप्ट. त्याच संस्थेने १९९३ साली पीडीएफ हे स्वरूप प्रसिद्ध केले व २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. छपाईसाठी पीडीएफ-एक्स या नावाची काटेकोर आंतरराष्ट्रीय मानके २००१ पासून तयार होत गेली. त्यांतील पीडीएफ-एक्स-१ए या प्रकारात सर्व अक्षरसंच फाइलमध्येच अंतर्भूत असावे लागतात आणि पडद्यावरील लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे रंग चालत नाहीत. नंतरच्या पीडीएफ-एक्स-४ या प्रकारात पारदर्शक थरांनाही मुभा आहे. यांपैकी कोणता प्रकार हवा, हे मुद्रकास आधीच विचारून घ्यावे.

रंगांचे रूपांतर हा दुसरा नाजूक भाग होय. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो. छपाईत मात्र आकाशी निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाया वापरतात. पडद्यावरचा काळा रंग सरसकट रूपांतरित केला, तर तो बहुधा चारही शायांच्या मिश्रणाने बनतो. मग कागद किंचित सरकला, तरी बारीक अक्षरांभोवती रंगीत कडा उमटतात. म्हणून मजकूर केवळ काळ्या शाईतच असला पाहिजे. एकच सचित्र पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढताना याचे महत्त्व विशेष जाणवते. मजकूर केवळ काळ्या पत्र्यावर असेल, तर चित्रांचे तीन रंगीत पत्रे सर्व भाषांना समान ठेवून प्रत्येक भाषेसाठी काळा पत्रा तेवढा बदलता येतो.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका अक्षरांचा आहे. जुन्या अक्षरसंचांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कृतिदेव या अक्षरसंचात ‘हिंदी’ हा शब्द संगणकाच्या लेखी एफ, जी, ए, एन, एच अशी पाच रोमन अक्षरेच असतो. तो अक्षरसंच मुद्रकाकडे नसेल, तर पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. असा मजकूर युनिकोडमध्ये नेताना क्रमही बदलावा लागतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, तर युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या उलट. हा बदल अपुरा राहिला, तर ‘कार्य’ या शब्दाचे ‘कायर्’ होते. मराठीत आणखी एक बारकावा आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. रूपांतरात रफार व अर्धा ‘र’ यांतील भेद पुसला गेला, तर शब्द शुद्ध दिसतो, पण अर्थ पालटतो. असा दोष शब्द तपासणाऱ्या यंत्रासही सापडत नाही.

अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करून पाठवणे, हा एक रूढ उपाय आहे. त्यामुळे अक्षरसंचाची गरज उरत नाही. परंतु तो मजकूर पुढे शोधता वा सहजपणे दुरुस्त करता येत नाही. पेजमेकर या आज्ञावलीचा विकास २००४ साली थांबला. तीत जुळवलेल्या ज्या पुस्तकांच्या मूळ फाइली जपल्या गेल्या नाहीत, त्यांच्या नव्या आवृत्तीसाठी पुन्हा अक्षरजुळणी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यास्तव वक्ररेषांची प्रत छपाईपुरती काढावी आणि मूळ फाइल, अक्षरसंच व युनिकोडमधील मजकूर स्वतंत्रपणे जतन करावा.

सारांश, रूपांतराचा क्रम असा ठेवावा : मूळ फाइलची प्रत काढावी, चित्रांची घनता व रंग तपासावेत, कापणीसाठी कडेबाहेर सामान्यतः ३ मिलिमीटर रंग वाढवावा, अक्षरसंच अंतर्भूत करून पीडीएफ तयार करावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. शेवटी कागदावर नमुनाप्रत काढून मूळ लिखिताशी शब्दशः ताडून पाहावी. ती भाषा जाणणाऱ्या वाचकाने सही केल्याखेरीज पत्रे करावयास सांगू नये.