गुरुत्वीय लहरींची ‘आठवण’ : कणीक आणि बेरजेतून एक पाठ



पाण्याच्या टबात बाटलीचं झाकण सोडा आणि हाताने हलकी लाट करा. झाकण वर-खाली होतं आणि जवळपास होतं तिथेच राहतं. लाट गेली, खूण उरली नाही. गुरुत्वीय लहरींबद्दलही आपण मुलांना असंच सांगतो. पण ते अपुरं आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने या लहरी प्रथम टिपल्या. दोन कृष्णविवरं एकरूप होताना सुमारे ३ सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा लहरींतून बाहेर पडली होती. अशी लहर येते तेव्हा अंतर एका दिशेला ताणलं जातं, आडव्या दिशेला आकसतं, मग उलट होतं. लहर निघून गेल्यावरही अंतरात किंचित फरक कायम राहतो, असं आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो. यालाच ‘स्मृती परिणाम’ म्हणतात. १९७४ मध्ये झेल्डोविच व पोल्नारेव्ह यांनी तो मांडला. लहरींची स्वतःची ऊर्जाही असा फरक घडवते, हे १९९१ मध्ये ख्रिस्तोडुलू यांनी दाखवलं.

कृती १ : रबर आणि कणीक
रुंद रबरावर चार ठिपके काढा, ताणा, सोडा. ठिपके जागेवर येतात. आता कणकेच्या पोळीवर तेच करा. ठिपके थोडे लांबच राहतात. मुलांना फरक लगेच कळतो.

कृती २ : चालू बेरीज
प्रत्येक क्षणी बाहेर पडणारी ऊर्जा अशी समजा : १, १, २, ४, ९, ३, ०. प्रत्येक टप्प्यावर बेरीज करत जा : १, २, ४, ८, १७, २०, २०. चौकटीच्या कागदावर हा आलेख काढा. आधी सावकाश चढ, विलीन होताना उडी, मग सपाट रेघ. ऊर्जा शून्यावर आली, तरी बेरीज शून्यावर येत नाही. शास्त्रज्ञांच्या गणितातही स्मृती अशीच साचत जाते. फक्त ते प्रत्येक दिशेला गेलेली ऊर्जा वेगळी मोजतात.

मग ही स्मृती लायगोला स्पष्ट का दिसली नाही? लायगोचे आरसे झुल्यासारखे टांगलेले आहेत. ते मूळ जागी परततात, म्हणजे उपकरणच रबरासारखं वागतं. शिवाय सावकाश होणारे बदल जमिनीच्या कंपनांत बुडून जातात. म्हणून अनेक घटनांच्या नोंदी एकत्र करून शोध सुरू आहे. लिसा या नियोजित अंतराळ मोहिमेत ठोकळे मोकळे तरंगतील, त्यामुळे तिच्याकडून मोठी आशा आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात होणारी लायगो-इंडियाही नोंदींची भर घालेल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कणीक ताणली जाते ती पदार्थ म्हणून. अवकाश काही पीठ नाही. इथे बदलतं ते मोकळ्या वस्तूंमधलं अंतर. प्रतिमान शिकवताना ते कुठे थांबतं हेही सांगायला हवं. पाठाच्या शेवटी मुलांनाच विचारा : “आपली कणीक कुठे चुकते?” उत्तरं वहीत लिहून घ्या. खरा पाठ तिथूनच सुरू होतो.