पानाची मागची बाजू : शाळेच्या बागेतील कीड व रोगांची ओळख

भाजीपाल्याचे वाफे, लिंबाची सात झाडे, जास्वंदीचे कुंपण आणि वसतिगृहासमोरील हिरवळ, एवढीच आमच्या निवासी शाळेची बाग. इतिहासाच्या शिक्षकाकडे तिची देखभाल कशी आली, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र इतक्या वर्षांच्या अनुभवावरून एवढे कबूल केले पाहिजे की, या बागेचे जेवढे नुकसान किडीने केले तेवढेच आमच्या घाईनेही केले.

एका पावसाळ्याच्या अखेरीस चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा दाटला होता. त्याच्यामध्ये करड्या-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरत होत्या. दिसायला ओंगळ, म्हणून त्याच खऱ्या शत्रू असे आम्ही ठरविले आणि आठवीच्या मुलांकडून त्या चिरडवून घेतल्या. त्यांतील एका मुलाने विचारले, "सर, मुंग्या माव्याला काहीच करत नाहीत, मग या अळ्यांच्याच अंगावर का धावतात?" उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे वाचनातून उलगडा झाला. मावा झाडाचा रस शोषून गोड, चिकट द्रव सोडतो. तो मुंग्यांचे अन्न असल्यामुळे त्या माव्याची राखण करतात. त्या अळ्या होत्या ढालकिड्याच्या, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असणाऱ्या भुंगेऱ्याच्या, आणि तो माव्यावरच जगतो. आम्ही चोर सोडून पहारेकरी मारला होता.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाच्या बाबतीत ही फसगत अधिक सोपी आहे. तो कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो; आणि त्याला खाणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन भुंगेऱ्याची अळीही अंगावर तसेच पांढरे मेण वागविते. काडीने डिवचून पाहावे. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी मात्र चटकन पळते. मावा व पिठ्या ढेकूण थोडे असता पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावेत, किडका शेंडा छाटून जाळावा. प्रादुर्भाव वाढल्यास 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून द्रावण 10 लिटर करावे, किंचित साबण घालावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूस पोहोचेल असे फवारावे. कीड बहुधा मागेच असते; आपण मात्र वरून पाहून निदान करतो.

"पाने पिवळी पडली" एवढ्या वर्णनावर औषध मागणे म्हणजे "अंग दुखते" एवढेच डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोहाची उणीव संभवते. याच्या उलट भेंडीच्या शिराच पिवळ्या पडून जाळे दिसू लागले, तर तो हळद्या रोग होय. तो विषाणूमुळे होतो, पांढरी माशी त्याचा प्रसार करते आणि रोगट झाड बरे करणारे औषध नाही. ते उपटून टाकावे व उरलेल्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावावेत. भुरीची ओळख बोटानेच पटते. पानावरील पांढरी पूड पुसली जाते. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, पण भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

लिंबावर खैऱ्या रोगाचे खरबरीत तपकिरी ठिपके दिसताच रोगट फांद्या छाटून 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. यात आमच्या विषयाचा थोडा संबंध येतो, म्हणून सांगतो. फ्रान्सच्या बोर्डो परगण्यात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. केवडा रोगाने मळे उजाड होत असता नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्या. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते हेरले आणि 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडले. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावेत. लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

जहाल रासायनिक औषधे आम्ही आवारात आणीत नाही. वाफ्यातील वांगी दुसऱ्याच दिवशी मुलांच्या ताटात असतात, हे एक कारण. दुसरे अधिक जवळचे आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील रोजंदारीने पंप पाठीवर घेतात. त्या पालकांना आमची विनंती आहे की वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, तोंड व हात झाकावेत, नोझल तोंडाने फुंकू नये आणि मळमळ किंवा अंधारी येताच काम सोडून औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठावा. मालक काय म्हणेल, याचा विचार नंतर.

राहिली हिरवळ. तिच्यावर पिवळे चट्टे पडले की आम्ही पूर्वी पाणी वाढवीत असू. आता मूठभर गवत ओढून पाहतो. मुळे घट्ट असतील तर पाण्याचा प्रश्न. गवत सतरंजीसारखे उचलले गेले, तर खाली हुमणीची वाकडी पांढरी अळी मुळे खात बसलेली असते. तिचे भुंगेरे वळिवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभूळ, बोर व कडुनिंबावरही जमतात. ज्या निंबाला आपण सर्व किडींचा वैरी समजतो, त्याचाच पाला ते खातात! मादीने अंडी घालण्यापूर्वी भुंगेरे वेचणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पण एकट्या आवारात करून भागत नाही, शेजारच्या शेतांतूनही तो व्हावा लागतो. म्हणून पहिला वळीव पडेल त्या संध्याकाळी गावातील पालकांनी व जवळपासच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या बांधावरील झाडे हलवावीत. खाली जुनी चादर अंथरावी आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. शाळेच्या निंबाखाली आम्ही मुलांसह असूच. बॅटरी मात्र प्रत्येकाने आपली आणावी.