परकी कवाईत आणि स्वकीय सरदार

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देवळीच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते. १८०३ सालीं ही नदी दोन राज्यांची सरहद्द झाली. त्या वर्षीं १७ डिसेंबर रोजीं नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनीं देवगांव येथें इंग्रजांशीं तह केला आणि नदीपलीकडील वऱ्हाडचा बहुतेक मुलूख सोडून दिला. या युद्धांत नागपूरकरांचे दोस्त होते ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे. त्यांच्याजवळ युरोपीय पद्धतीची मोठी कवायती फौज होती. असें असतां पराभव कां झाला? त्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एकाच कारणाचा येथें विचार करूं.

परकी युद्धविद्या मराठ्यांनीं प्रथम घेतली ती पेशवाईंत. इब्राहीमखान गारदी हा फ्रेंच सेनापति बुसी याच्या तालमींत तयार झालेला दक्षिणी सरदार. सदाशिवरावभाऊंनीं त्याला पदरीं ठेवलें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्याच्या पलटणी शर्थीनें लढल्या. पुढें तो शत्रूच्या हातीं सांपडून प्राणास मुकला, परंतु धन्याशीं बेइमान झाला नाहीं. विद्या परक्यांची होती, पण ती शिकलेला मनुष्य याच भूमीचा होता.

पानिपतांतून जखमी होऊन वांचलेले महादजी शिंदे यांनीं पुढें इंग्रजांच्या पायदळाचा कणखरपणाही प्रत्यक्ष पाहिला. म्हणून १७८४ सालीं त्यांनीं सव्हाय प्रांतांतील द बॉयन यास नोकरीस ठेवून दोन पलटणी उभारविल्या. द बॉयन शिस्तीचा व शब्दाचा पक्का होता. त्यानें शिपायांस रांग न मोडतां गोळीबार करण्यास शिकविलें आणि पगार वेळच्या वेळीं मिळेल अशी तजवीज केली. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. १७९० सालीं पाटण व मेडता येथें या पलटणींनीं मोठे विजय मिळविले, आणि थोड्याच वर्षांत दोन पलटणींचे तीन कंपू झाले. महादजींची निवड चुकली, असें म्हणतां येणार नाहीं.

उणीव राहिली ती निराळीच. शिपाई व गोलंदाज देशी होते. परंतु हुकूम देणारे वरचे अधिकारी बहुतेक सारे युरोपीय. देशी अधिकाऱ्यास सबंध पलटण किंवा कंपू चालविण्याचें शिक्षण देणारी शाळा निघाली नाहीं. १७९४ सालीं महादजी वारले. १७९६ सालीं द बॉयन हिंदुस्थान सोडून गेला व फौज पेराँ नांवाच्या फ्रेंच मनुष्याच्या हातीं आली.

१८०३ सालीं युद्ध पेटतांच इंग्रजांनीं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांस नोकरी सोडून येण्याबद्दल पैशाचें आश्वासन दिलें. पुष्कळजण निघून गेले. सप्टेंबरांत खुद्द पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. ज्यांनीं कवाईत शिकविली, तेच ऐन प्रसंगीं नाहींसे झाले!

शिपायांनीं मात्र कच खाल्ली नाहीं. २३ सप्टेंबरला असई येथें इंग्रजांचे सुमारें १,६०० लोक ठार वा जखमी झाले. १ नोव्हेंबरला लासवारी येथें तर गोलंदाज तोफेजवळून हलले नाहींत. संगिनींचे वार होईपर्यंत ते आपापल्या जागीं उभे होते. शत्रूचा सेनापति लेक यानेंही त्यांची वाखाणणी केली. अंगीं शौर्य होतें, हातीं तोफा होत्या; पण सारी फौज एका धोरणानें चालविणारे स्वकीय अधिकारी नव्हते. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडांत अडगांवची लढाई झाली, पुढें गाविलगड पडला, आणि वर सांगितलेला तह करणें भाग पडलें.

यावरून परक्यांकडून कांहीं शिकूंच नये, असें अनुमान काढणें चुकीचें होईल. जपाननें १८८५ सालीं मेकेल या जर्मन अधिकाऱ्यास बोलाविलें. पण तो शिकवीत असे तें जपानी अधिकाऱ्यांच्याच विद्यालयांत. तीन वर्षांनीं तो परत गेला, तेव्हां त्याचें काम चालविण्यास त्याचे शिष्य तयार होते. आपल्या भारताचेंही लष्करी शिक्षकपथक भूतानांत हा येथें १९६२ पासून तेथील सैन्यास शिक्षण देत आहे. अशा साह्याची खरी कसोटी एकच: शिकविणारा उद्यां निघून गेला, तर शिकणारा स्वतःच्या पायांवर उभा राहील काय?

भाडोत्री शिक्षक करारापुरताच बांधलेला असतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्यापासून विद्या घेऊन ती आपल्या माणसांत रुजविणें, हें घेणाऱ्याचें कर्तव्य. विद्यार्थिमित्रहो, शाळेंतील शिक्षकही एक दिवस तुम्हांस सोडणारच. तो दिवस येण्यापूर्वीं त्यांची विद्या तुमची झाली पाहिजे. पालकांनींही मुलाचे गुण विचारतांना, तो कोणाच्या मदतीवांचून काय करूं शकतो, हें अवश्य विचारावें.