डबा कोणाबरोबर खातोस?

आमचं बिऱ्हाड अमळनेर तालुक्यातून अंबरनाथला आलं ते दिवाळीनंतर लगेच. यजमानांना आनंदनगर एमआयडीसीत काम लागलं होतं. मुलगा तिसरीत. गावाला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होता, इथेही मराठी शाळेतच घातला, त्यामुळे त्याच्या शिक्षणाचा घोर मिटला असं घरात सगळ्यांनाच वाटलं. महिनाभरात त्याचं पोट दुखायला लागलं. सकाळी दप्तर भरताना सुरू व्हायचं. रविवारी दुखायचं नाही. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. नातेवाईक म्हणाले, नाटकं करतोय. शाळेत चौकशी केली की उत्तर ठरलेलं: "मुलगा एकदम शांत आहे, काही त्रास नाही त्याचा."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई मात्र माझ्याशी फारशा बोलल्याच नाहीत, त्याच्याशीच बोलत राहिल्या. डबा कोणाबरोबर खातोस? पाणी कधी पितोस? लघवीला कधी जातोस? तेव्हा एकेक बाहेर आलं. शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात त्याने वर्गात हात वर करून म्हटलं होतं, "बाई, माले पानी पेनं शे." आम्ही घरी अहिराणीच बोलतो. वर्ग हसला. मग मधल्या सुट्टीत पोरं त्याला 'ए माले' म्हणूनच हाका मारू लागली. त्या दिवसापासून त्याने काही विचारणंच सोडलं. लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये म्हणून तो दिवसभर पाणी प्यायचा नाही. मोठी मुलं अडवतात म्हणून शाळेच्या संडासात जायचा नाही. डबा जिन्याखाली एकटा खायचा, नाहीतर तसाच परत आणायचा. त्याला बद्धकोष्ठ झालं होतं. पोट खरंच दुखत होतं.

कल्याण-अंबरनाथच्या या पट्ट्यात बाहेरून आलेल्यांचं नवल कुणालाच नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्यातूनच उल्हासनगर उभं राहिलं. तेव्हाच्या मुलांनी जे सोसलं त्याची तुलना आमच्याशी होणार नाही. पण बराकीतल्या शेजारच्या खोलीत त्यांच्याच बोलीतलं दुसरं पोर होतं, पुढे सिंधी माध्यमाच्या शाळाही निघाल्या. आज आझमगडहून, कलबुर्गीहून, बीडहून येणारं मूल वर्षाच्या मध्येच एकटं येऊन शेवटच्या बाकावर बसतं. त्यातही मराठी मुलाकडे कुणाचं लक्षच जात नाही. भाषा तर आपलीच, मग याला कसली अडचण, असं गृहीत धरलं जातं.

म्हणून ज्यांचं मूल नुकतंच नव्या शाळेत गेलंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. संध्याकाळी "आज काय शिकवलं?" हा प्रश्न बाजूला ठेवा. डबा कोणाबरोबर खाल्ला ते विचारा. पाण्याची बाटली उघडून बघा, भरलेलीच परत आली तर त्यामागे काहीतरी आहे. फक्त शाळेच्या दिवशी दुखणारं पोट किंवा डोकं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, धाकट्या भावंडाला विनाकारण मारणं, "गावाला कधी जायचं?" हे रोज विचारणं, ही सगळी मूल ताणात असल्याची लक्षणं आहेत. यातलं काही दिसलं तर आधी तपासणी कराच, पण रिपोर्ट चांगले आले म्हणून विषय संपवू नका. नव्या जागी मूल काही आठवडे गप्प राहिलं तर ते स्वाभाविक आहे. घरी बोलतं आणि शाळेत महिना उलटून गेला तरी तोंडातून शब्द निघत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. त्याला वर्गासमोर उभं करून 'बोल, बोल' करू नये, बोललास तर चॉकलेट असंही नको. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडून आली तर मात्र एक दिवसही थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणखी एक. आमच्याच माणसांनी सुचवलं होतं की घरीसुद्धा आता 'शुद्ध' बोला, म्हणजे पोरगा लवकर रुळेल. डॉक्टरबाईंनी ठाम नाही म्हटलं. दिवसभर जीभ आवरून बसलेल्या पोराला घरी तरी मोकळं बोलू द्या, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

शाळेत जे उपयोगी पडलं ते अगदी साधं होतं. मुख्याध्यापिकांनी त्या वर्गापुरता नियम बदलला. पाण्याला किंवा लघवीला जायला विचारायचंच नाही. टेबलावरचा लाकडी ठोकळा उचलायचा, जाऊन यायचं, ठोकळा परत ठेवायचा. नियम सगळ्यांना होता, त्यामुळे आमचा मुलगा वेगळा पडला नाही. आमच्याच चाळीतल्या एका मुलाला त्याच्या बाकावर बसवलं. चिडवणाऱ्यांना बाईंनी वेगळं बोलावून समजावलं, वर्गात आमच्या मुलाचं नाव काढलं नाही. पोट आधी बरं झालं. वर्गात आपणहून बोलायला मात्र त्याला पुढची दिवाळी लागली. शाळेने काहीच केलं नाही तर पालकांनी गप्प बसायचं कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मुलाच्या मानसिक छळालाही मनाई आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात. मी त्या समितीत गेले ते यासाठीच.

तिथे गेल्यावर बदलापूरकडच्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांचा विषय समोर आला. कर्जत, मुरबाडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर येतात, पावसाआधी परततात. त्यांच्या मुलांची शाळा दरवर्षी दोनदा तुटते, आणि दोन्हीकडे ती 'गैरहजर' ठरतात. वसई भागात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच अशा मुलांसाठी 'भोंगा शाळा' चालवल्या होत्या, म्हणजे मुलांपर्यंत शाळा नेता येते. आमच्याकडे निदान एवढं तरी व्हावं: जन्माचा किंवा शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये (कायद्याने तसं पाठवताच येत नाही), आणि वर्गात आल्याबरोबर त्याची वाचन-चाचणी घेत बसू नये. आधी त्याला संडास कुठे, पाणी कुठे ते दाखवावं, एक सोबती द्यावा. परत जाताना पुढच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्यावं, आणि कधी निघायचं ते मुलाला आठवडाभर आधी सांगावं, म्हणजे त्याला वर्गाचा निरोप घेता येतो. बहुतेक वेळा ट्रक रात्रीच निघतो आणि सकाळी बाक रिकामा दिसतो. यंदा भट्टीवरच्या मुकादमांकडून निघायची तारीख आधी काढून घ्यायची, हा विषय समितीच्या येत्या बैठकीत मी मांडणार आहे.