पाऊस हटत नाही तेव्हा गच्चीवरची बाग

2025 साली रोहिण्या नुसत्या बरसल्या नाहीत, त्यांनी मृगासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. मुंबईत मोसमी पाऊस यायची नेहमीची तारीख 11 जून. त्या वर्षी तो 26 मे रोजीच येऊन थडकला, आणि त्याच्या आधी वळवाने आम्हाला पुण्यात झोडपून काढलं होतंच. आम्ही गच्चीवर बाग करणारे लोक मृगाच्या हिशेबाने चालतो. मे महिन्यात कुंड्या उपसायच्या, माती कडक उन्हात तापवून घ्यायची, शेणखत मिसळायचं, मग लावणी. त्या वर्षी माती तापलीच नाही आणि पुढे दिवाळीपर्यंत धड वाळलीही नाही. माझा मोगरा गेला, ड्रममधली पपई गेली, मिरचीची रोपं एकामागून एक माना टाकत गेली. अळू आणि सोनटक्का मात्र माजले.

अशा वर्षी झाडं पाण्याने कुजली असं आपण म्हणतो. कुजण्याआधी ती गुदमरलेली असतात. मुळांनाही श्वास लागतो, आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी तुंबलं की हवेला जागाच उरत नाही. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. मुळं मेली की पाणी वर चढत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाड थेट तहानलेल्या झाडासारखं दिसतं. माणूस फसतो तो इथे. माझी मिरची बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, खत कमी पडतंय तिला, थोडा युरिया टाक." सल्ला मायेचा होता, पण अर्धमेल्या मुळांना युरिया दिला की उरलीसुरलीही जळतात.

पान मलूल दिसलं की आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरांखाली ओल लागली तर पाणीही नाही आणि खतही नाही. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. गटारासारखा वास, तपकिरी मऊ मुळं, चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो, तर ती मूळकूज. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, वरचा विस्तार तिसरा हिस्सा तरी छाटा, कोरड्या भुसभुशीत मातीत आणि शक्यतो आधीपेक्षा लहान कुंडीत लावा, आणि आडोशाला ठेवा. मोठ्या कुंडीतली जादा माती ओल धरून बसते. पपईवर मात्र वेळ घालवू नका. तिच्या मुळाशी एक-दोन दिवस पाणी साचलं तरी ती सहसा वाचत नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने 12 इंची कुंडीत 100 मिलिमीटर पावसाच्या दिवशी सात लिटर पाणी पडतं. ते जाणार कुठून? बाजारातल्या बऱ्याच प्लॅस्टिक कुंड्यांना तळाशी नावापुरतं भोक असतं. जादा भोकं मी आता तापवलेल्या सळीने स्वतः पाडते, तळाला आणि तळालगत बाजूलाही. कुंडी जमिनीला चिकटून बसली तर भोकांचा काही उपयोग नाही, म्हणून खाली विटेचे तुकडे देऊन ती उचलून घ्या.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा, असं मी स्पष्ट सांगते. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच तुंबतं, आणि मुळांच्या वाट्याची माती तेवढी कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. नारळाच्या शेंड्याही तळाशी नकोत, त्या ओल धरतात. निचरा सुधारायचा तर तो मिश्रणातच सुधारावा लागतो: माती कमी, कुजलेला पालापाचोळा जास्त, आणि थोडी जाड रेती. आपली काळी माती भिजली की फुगते, तिला कुंडीत थारा नकोच.

उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी मेच्या अखेरीस उतरवा. ती पाऊस अडवत नाही, फक्त उजेड खाते, आणि अशा वर्षी उजेडाचाच दुष्काळ असतो. पावसापासून वाचवायचंच तर वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या. झाडांना चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पागोळ्यांखाली एकही कुंडी ठेवू नका, तिथली धार माती उकरून मुळं उघडी पाडते. कोथिंबीर-मेथी पसरट ट्रेमध्ये छपराखाली पेरा, उघड्यावर ती उगवते आणि कोलमडते.

खालची पानं पिवळी पडतात, कारण पावसाने नत्र धुऊन नेलेलं असतं. उघडीप मिळून माती वरून सुकली की मूठभर गांडूळखत द्या, त्याआधी नाही. करपा किंवा गुलाबावरचे काळे ठिपके दिसले तर ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नव्हे. कोकणातले सुपारीवाले कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, ते फुलझाडांनाही चालतं: लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. फवारणीनंतर काही तास कोरडे मिळणार नसतील तर मेहनत वाया जाते. पालेभाज्यांवर हे मारू नका.

गोगलगायींना हलकं घेऊ नका. 2022 साली लातूर, बीड, धाराशिवकडे त्यांनी सोयाबीनची कोवळी शेतं फस्त केली होती, गच्चीवरचा पालक म्हणजे त्यांना एका रात्रीचा खुराक. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ कुंडीत भुरभुरू नका, झाडही जाईल.

कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळाभर काढून ठेवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या घरात जातं, तेव्हा मोठे ड्रम स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या तुळयांवर येतील असे कडेला घ्या. आणि गच्चीच्या पाणी जायच्या तोंडावरची जाळी दर दोन दिवसांनी हाताने साफ करा, वाहून आलेलं कोकोपीट तिथेच अडकतं. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी छताला ओल येऊन सोसायटीच्या सभेत तुमच्या बागेविरुद्ध ठराव मांडला जाण्याआधी एवढं कराच.