‘पूर्वापार’ म्हणजे नक्की कधीपासून? आपल्या माणसांचं संशोधन आणि त्याला लागणारं पाठबळ

उपयुक्त : इयत्ता ४ थी ते ८ वीचे शिक्षक व पालक
विषय : परिसर अभ्यास, इतिहास व नागरिकशास्त्र



२० मार्च जवळ आला की महाड तालुक्यातल्या शाळांमधून चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर भाषणं होतात. वरंध, बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतची मुलं १९२७ हे साल पाठ म्हणतात. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केलं, हे पहिलीच्या पोरालाही माहीत असतं. पण एक गोष्ट भाषणात राहून जाते. महाडला आलेले डॉ. आंबेडकर हे एक कसलेले संशोधक होते आणि त्यांचं संशोधन होतं समाज, इतिहास आणि अर्थकारण या विषयांतलं. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘आर्ट्स’ म्हणतो आणि मार्क कमी पडले की मुलांना जिकडे पाठवतो, त्याच विषयांतलं!

हे संशोधन कसं उभं राहिलं, त्यामागे कोणाचे हात होते आणि आज आपण काय करू शकतो, ते या लेखात पाहू.

१) संशोधन म्हणजे फक्त प्रयोगशाळा नव्हे

संशोधक म्हटलं की मुलं पांढरा कोट आणि परीक्षानळी काढतात. पण समाजाचंही संशोधन असतं. गावात अमुक रीत का आहे? ती कधी सुरू झाली? तिचा फायदा कोणाला, तोटा कोणाला? असे प्रश्न विचारायचे, पुरावा गोळा करायचा, तो तपासायचा आणि मगच बोलायचं. याला सामाजिक शास्त्र म्हणतात. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान हे विषय मानव्यविद्येत येतात.

या संशोधनाची गरज कुठे पडते? गावात एखादी गोष्ट विचारली की उत्तर मिळतं, ‘पूर्वापार चालत आलंय.’ इथे आपण बहुतेक जण गप्प बसतो. संशोधक मात्र तिथूनच सुरुवात करतो. पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून? कशावरून?

२) चवदार तळ्याचा खटला : ‘पूर्वापार’ची परीक्षा

मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आणि सत्याग्रह. त्यानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण मंडळींनी कोर्टात दावा लावला.

त्यांचं म्हणणं काय होतं? अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी घ्यायचं नाही, ही पूर्वापार रूढी आहे.

हा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. ही रूढी खरोखर अनादी काळापासूनची आहे, हे दावेदारांना सिद्ध करता आलेलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे ज्या शब्दावर सगळं उभं होतं, तो शब्द पुराव्यापुढे टिकला नाही.

मुलांना हा भाग जरूर सांगावा. सत्याग्रहाला धैर्य लागलं, आणि कोर्टात पुरावा लागला.

असा प्रश्न विचारणारे आपल्या भागात आधीही होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यतेला आधार काय, असे प्रश्नच त्यांनी त्यात मांडले. त्यांच्यामागे ना विद्यापीठ होतं, ना ग्रंथालय. प्रश्न तोच होता. साधनं मात्र पुढच्या पिढीला मिळाली.

३) ती साधनं कशी मिळाली?

बाबासाहेबांची बुद्धी मोठी होती, यात शंकाच नाही. पण बुद्धी एकटी न्यूयॉर्कला जात नाही. तिकीट लागतं, फी लागते, राहायला खोली लागते. त्यांच्या शिक्षणाचा हिशोब नीट पाहिला तर पाठबळाचे पाच प्रकार दिसतात.

अ) पैसा : कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी या हुशार विद्यार्थ्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मिळाले. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली. एका शिक्षकाने एक दार ठोठावलं, एवढीच त्याची सुरुवात!

आ) वेळ आणि शिक्षक : कोलंबिया विद्यापीठात त्यांना अर्थशास्त्राचे प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. वय २५. सेनार्ट, नेसफिल्ड, रिझले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि स्वतःचं मत मांडलं. जातीतच लग्न करण्याचा नियम हा जातीचा गाभा आहे आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा तो नियम टिकवण्यासाठी आल्या, असं ते मत. ज्यांनी जातीचे चटके सोसले होते, त्यांनीच ती अभ्यासाचा विषय केली. तक्रार म्हणून नाही, पुराव्यानिशी.

इ) ग्रंथालय : न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत ते दिवसच्या दिवस बसत. १९१७ मध्ये परत येताना त्यांचं सामान ज्या जहाजातून येत होतं, ते महायुद्धात बुडवलं गेलं. पुस्तकं गेली. संशोधकाचं नुकसान कशात असतं, ते यावरून कळतं.

ई) अडल्यावेळी हात : शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं. १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधावर डी.एससी. मिळाली. परीक्षकांनी हरकती घेतल्यावर तो प्रबंध त्यांनी पुन्हा लिहून काढला होता. तोवर पैसे संपल्याने ते मुंबईला परतलेही होते.

उ) छपाई : हा मुद्दा फार थोड्या जणांना माहीत असतो. कोलंबियाचा त्यांचा पीएच.डी. प्रबंध १९१७ मध्येच स्वीकारला गेला होता. पण छापील प्रती सादर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये, म्हणजे महाडच्याच वर्षी. मध्ये दहा वर्षं गेली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला आहे.

आता विचार करा. या पाचांपैकी एक जरी दुवा पहिल्याच वेळी तुटला असता तर? आणि ज्यांचा तुटला, अशी किती मुलं असतील? त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

४) हाच प्रश्न आफ्रिकेतही

आपल्या माणसांनी आपल्याबद्दल लिहावं, ही गरज फक्त आपली नाही. आफ्रिका खंडातील देश १९६० च्या सुमारास एकेक करून स्वतंत्र होत होते. त्याच काळात, १९६३ मध्ये, ऑक्सफर्डच्या एका नामवंत इतिहासकाराने म्हटलं की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहासच नाही. का? तर लिखित कागद कमी. म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत आली, ते जमेतच धरलं नव्हतं.

याला उत्तर आफ्रिकी अभ्यासकांनी कामातून दिलं. नायजेरियाच्या केनेथ डिके यांनी कागदपत्रांबरोबर तोंडी परंपराही पुरावा म्हणून वापरल्या आणि देशाचं अभिलेखागार उभं करण्यात पुढाकार घेतला. युनेस्कोने आफ्रिकेच्या इतिहासाचे आठ खंड काढले, त्यात आफ्रिकी इतिहासकार आघाडीवर होते.

मात्र अभ्यासकाला एकट्याने टिकाव धरता येत नाही. म्हणून १९७३ मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथे ‘कोडेस्रिया’ ही संस्था स्थापन झाली. आफ्रिकेतल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठीची ही परिषद. इजिप्तचे अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन तिचे पहिले कार्यकारी सचिव. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं, संशोधनाची पद्धत शिकवणाऱ्या कार्यशाळा, देशोदेशीच्या अभ्यासकांच्या भेटी आणि पुस्तकं-नियतकालिकांची छपाई, अशी तिची कामं. १९८० च्या दशकात अनेक आफ्रिकी देश कर्जात बुडाले, विद्यापीठांचे पैसे कापले गेले, तेव्हा या संस्थेचा मोठा आधार झाला. मलावीचे थंडिका मकांदाविरे यांनी १९८६ ते १९९६ ती सांभाळली. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाले, म्हणजे जिथे बाबासाहेब शिकले तिथेच!

वर आपण पाहिलेले पाच प्रकार आणि या संस्थेची कामं शेजारी ठेवून बघा. पैसा, वेळ, मार्गदर्शन, ग्रंथ, छपाई. यादी जवळजवळ तीच निघते. फरक इतकाच की बडोद्याची मदत एका राजाच्या मनावर अवलंबून होती. संस्था असली की मदत नियमाने मिळते, ओळखीने नाही.

५) आपल्या खोऱ्यातले न विचारलेले प्रश्न

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं ठीक आहे, पण आपल्या गावात संशोधनाला आहेच काय?

२२ जुलै २०२१ आठवा. तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे हेच झालं होतं. माती, उतार, पाऊस यांचा अभ्यास भूशास्त्राची माणसं करतात आणि तो हवाच. पण वाड्या उतारावरच का वसल्या? सपाटीची जमीन कोणाच्या नावावर होती? पावसाचा इशारा मिळाल्यावर माणसं घर का सोडत नाहीत, गुरांचं काय करायचं म्हणून की कुठे जायचं म्हणून? पुनर्वसनाच्या घरात म्हातारी माणसं रमतात का? हे प्रश्न सामाजिक शास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरं चुकली तर पुढच्या पावसात माणसं पुन्हा तिथेच असतील.

असे आणखी कितीतरी. वरंध घाट पावसात बंद राहिला की भोरकडचे व्यवहार, नातीगोती यांचं काय होतं? मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गावकीला काय दिलं आणि मागे राहिलेल्या बायांनी शेती कशी ओढली? धनगरवाड्यांतली, कातकरी वाड्यांतली मुलं कुठल्या इयत्तेत गळतात आणि का? बाहेरचा अभ्यासक चार दिवस येईल, त्याचं स्वागतच आहे. पण सासूसमोर सून काय बोलत नाही, हे इथल्याच मुलीला कळेल. तिला ते विचारायचं, लिहायचं शिक्षण मिळालं पाहिजे.

६) शाळेत आणि घरी काय करता येईल?

उपक्रम : ‘पूर्वापार वही’
– प्रत्येक मुलाने घरात किंवा वाडीत ऐकलेली एक ‘पूर्वापार’ गोष्ट लिहावी. उदा. पालखी याच वाटेने का जाते?
– ती गोष्ट वेगवेगळ्या घरांतल्या तीन माणसांना विचारावी. त्यात किमान एक बाई असावी.
– सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. वय आणि तारीख नोंदवावी. ते जसं बोलले तसंच लिहावं.
– तिघांची उत्तरं जुळतात का, ते वर्गात पाहावं. जुळली नाहीत तर रागवू नये, तिथेच खरा अभ्यास सुरू होतो.
– जुना कागद, फोटो, सातबारा सापडला तर फक्त पाहून नोंद करावी. मूळ कागद घरातच राहू द्यावा.
– वर्षअखेर हस्तलिखित काढून ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत ठेवावी. हीच आपली छपाई!

सूचना : कोणाची जात, भांडणं, कर्ज अशा गोष्टी मुलांनी नावानिशी लिहू नयेत, हे शिक्षकाने आधीच समजावून सांगावे.

शिक्षकांसाठी : शिष्यवृत्ती परीक्षा आणि आठवीची एनएमएमएस परीक्षा ही आपल्या हातातली दारं आहेत. एनएमएमएसमध्ये निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पुढे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, आणि ती इतिहास, समाजशास्त्र, मराठी या विषयांनाही मिळते. सातवी-आठवीतल्या पालकांना हे माहीतच नसतं. पालकसभेत एकदा फळ्यावर लिहून दाखवावे.

पालकांसाठी : ‘आर्ट्स घेऊन पोट भरणार का?’ ही तुमची काळजी खोटी नाही. नोकरीची खात्री आज कुठल्याच शाखेत नाही, आणि या शाखेत वाट लांबची आहे, हेही खरं. पण ज्या मुलीला माणसांचे प्रश्न खरोखर पडतात, तिला मार्क चांगले असूनही ओढून दुसरीकडे नेऊ नका. आणि ज्याला मार्क कमी पडले, त्याला शिक्षा म्हणून इकडे पाठवू नका. दोन्हींत विषयाचं आणि मुलाचं नुकसान आहे. तिच्या बसच्या भाड्याची, पुस्तकांची सोय होत नसेल तर गावकी, मुंबई मंडळ यांच्यापुढे विषय मांडा. सप्ताहाला, क्रिकेटच्या सामन्यांना वर्गणी निघते, तशी एका मुलीच्या फीलाही निघू शकते.

येत्या २० मार्चला मुलांना चवदार तळ्यावर न्याल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा : कोर्टात कोणता शब्द सिद्ध झाला नाही? उत्तर आलं, की पुढचा प्रश्न मुलांना विचारू द्या.